वाचकांचे प्रश्न : उडतं विमान आणि घरचा स्टँड

मागच्या अंकात प्लास्टिक किटमधून चाकं मिटलेलं विमान कसं जोडावं, यावर एक छोटं टिपण होतं. त्यात ‘स्टँड घरी करता येतो’ एवढंच म्हटलं होतं, कसा करायचा ते राहिलं होतं. त्यावर मराठवाड्याच्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांतून प्रश्न आले. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी सुरू होते : विमान जोडून, रंगवून झाल्यावर स्टँड आठवतो. उडतं, म्हणजे हवेत असल्यासारखं मांडलेलं मॉडेल करायचं असेल तर स्टँडचं पहिलं काम धडाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याच्या आधीचं आहे.

पुढे तीन शब्द सतत येतील. टेबलावर टेकतो तो पाया, त्यातून वर जाते ती दांडी आणि विमानाच्या पोटात दांडी जिथे शिरते ती खोबण.

प्रश्न : १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) मिग-२१ जोडायला घेतलं आहे. किटमध्ये स्टँड नाही. भोक नेमकं कुठे पाडावं आणि दांडी कशाची करावी?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ वायुदलातून निवृत्त झालं, तेव्हापासून या विमानाबद्दलची पत्रं वाढली आहेत. तुम्ही अजून धड चिकटवलेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे.

भोकाची जागा विमानाच्या गुरुत्वमध्याखाली. ती शोधायला काहीही न चिकटवता धड, पंख, शेपूट, खुर्ची, वैमानिक आणि लावणार असाल ती क्षेपणास्त्रं मास्किंग टेपने जागच्या जागी बांधा. दोन्ही पंखांखाली, धडाजवळ, एकेका बोटाचं टोक धरून विमान उचला. नाक खाली गेलं तर बोटं पुढे, शेपूट खाली गेली तर मागे. विमान सपाट राहिलं की पोटावर पेन्सिलने खूण करा. खऱ्या विमानाचा गुरुत्वमध्य कुठे होता याच्याशी इथे संबंध नाही, तुमच्या हातातल्या प्लास्टिकचा तोल महत्त्वाचा.

पुष्कळ किटांच्या सूचनापत्रकात नाकात वजन घालायला सांगितलेलं असतं. मॉडेल चाकांवर उभं राहताना शेपटीवर बसू नये म्हणून ते असतं. हवेतल्या विमानाला त्याची गरज नाही. पण खूण नेमकी चाकाच्या झाकणावर किंवा पातळ जागी आली, तर हेच वजन कामाला येतं. नाकात थोडं शिसं घातलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि भोक भक्कम जागी घेता येतं.

आता दांडी. १/७२ च्या एक-इंजिनी लढाऊ विमानाला सायकलच्या स्पोकइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. जाडी सुमारे २ मि.मी., लांबी जवळजवळ ३० सें.मी., पोलाद कडक आणि एका टोकाला तयार आटे. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून नवा सरळ स्पोक आणि त्याचं निपल (आट्यांवर फिरते ती छोटी नट), दोन्ही आणा. वाकडं डोकं कापून टाका आणि कापलेलं टोक कानसने गोल करा, नाहीतर ते खोबणीला आतून खरवडत राहतं.

खोबणीसाठी बाहेरून ३ मि.मी. आणि आतून २ मि.मी.पेक्षा किंचित जास्त अशी पितळी नळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात ती सहज मिळत नाही. भंगारवाल्याकडे जुन्या रेडिओचा एरियल मिळतो. त्याच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या याच मापांच्या आसपास असतात. सोबत स्पोक घेऊन जा आणि तो ज्या नळीत डुगडुगल्याशिवाय सरकतो ती निवडा. बाहेरची जाडी जी निघेल, तिच्या मापाचं भोक घ्या.

मिगच्या धडाची जाडी या मापात १७ मि.मी.च्या आसपास असते, म्हणून नळी १२ मि.मी.पेक्षा लांब नको. तिचं वरचं तोंड एम-सीलच्या लहान गोळीने बंद करा. ते उघडं राहिलं तर आतला गोंद नळीत उतरतो किंवा दांडी पाठीला जाऊन टोचते.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या पायरीत. पोटाच्या मध्यरेषेवर दोन अर्ध्या भागांचा सांधा असतो आणि भोक नेमकं त्या सांध्यावर येतं. नुसत्या भोकात नळी चिकटवली तर सगळा भार सांध्यावर पडतो आणि काही महिन्यांत पोट उकलतं. म्हणून किटच्या चौकटीचे उरलेले सपाट तुकडे किंवा दीड-दोन मि.मी. जाडीची प्लास्टिक पट्टी घेऊन दोन आडव्या पट्ट्या करा. एक पोटाच्या तळाला लागून, दुसरी तिच्यावर ८ ते १० मि.मी. अंतरावर. दोन्हींत नळीच्या मापाची भोकं पाडा आणि नळी दोन्हींतून न्या. मग वाकवणारा जोर सांध्यावर न येता दोन पट्ट्यांत वाटला जातो.

भोक आधी १ मि.मी., मग २, मग ३ असं वाढवत न्या, तेही हाताने फिरवायच्या ड्रिलने. वेगवान यंत्राने प्लास्टिक वितळतं आणि भोक लंबगोल होतं. नळी बाहेरून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने बसवा. प्लास्टिक किटचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो, धातूला तो धरतच नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी चालतं, पण रात्रभर लागणारं जास्त भक्कम. ते एका अर्ध्या भागात पूर्ण सुकू द्या, दांडी घालून कोन तपासा आणि मगच दुसरा भाग लावा.

पोटाखाली इंधनाची टाकी लावायची असेल तर नळी टाकीतून आरपार वर धडात न्या. सांधा टाकीत लपतो आणि दिसायलाही छान. टाकी नुसती वरून चिकटवून तिच्यावर भार मात्र देऊ नका.

चाकांची झाकणंही याच वेळी बसवा. किटमध्ये ती उघडी लावण्यासाठी केलेली असतात. कडेच्या छोट्या खुंट्या कापा, खळग्याच्या आतल्या कडेला अर्धा मि.मी. जाडीची पट्टी आधाराला चिकटवा, झाकण तिच्यावर ठेवा, फट पुट्टीने भरा आणि पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासा. झाकण एक केसभर आत गेलं तर पुट्टीने सपाट करता येतं, बाहेर राहिलं तर घासताना त्याच्यावरच्या रेषा जातात.

प्रश्न : सुखोई-३० चं १/७२ मॉडेल ३ मि.मी.च्या ॲक्रिलिक दांडीवर ठेवलं आहे. पंखा लावला की डोलतं. एकदा पायासकट आडवंही झालं.
*– एक वाचक, लातूर*

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी डोलण्याचं बघू.

गोल दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ मि.मी.ऐवजी ५ मि.मी. घेतली तर ती पावणेदोन पट नाही, साडेसात पटीहून जास्त ताठ होते. ६ मि.मी. घेतली तर सोळा पट. लांबीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो : २० सें.मी.ची दांडी १५ वर आणली की वाकणं निम्म्याहून कमी. पदार्थाचा फरक तर त्याहून मोठा आहे. २ मि.मी.चा पोलादी स्पोक ५ मि.मी.च्या ॲक्रिलिकपेक्षा ताठ असतो. सुखोईला मात्र स्पोकही अपुरा. या मापात ते ३० सें.मी. लांब आणि २० सें.मी. रुंद होतं. ४ मि.मी.ची पितळी किंवा पोलादी सळई घ्या.

तुमचं विमान दोन इंजिनांचं आहे, तेव्हा आणखी एक चांगला मार्ग आहे : मागच्या दोन्ही नळकांड्यांतून आत शिरणारा काटा. ३ मि.मी.ची दोन टोकं समांतर, अंतर तुमच्या किटवर मोजून, आणि आत किमान ७ सें.मी. जाणाऱ्या दोन नळ्या. पोट पूर्ण मोकळं राहतं आणि दोन टोकं असल्यामुळे विमान स्वतःभोवती फिरू शकत नाही. एक-इंजिनी विमानाला मागून दांडी दिली की नेमकी ही फिरण्याची अडचण येते. तिथे गोल नळीऐवजी चौकोनी पितळी नळी वापरावी.

आता आडवं होण्याचं. नियम सोपा आहे : विमानाच्या गुरुत्वमध्यापासून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडला पाहिजे, कडेपासून निदान दोन सें.मी. आत. मागून दांडी दिली की विमानाचं वजन पुढे लोंबतं, तेव्हा दांडी पायाच्या मागच्या कडेजवळ रोवा.

हात लागला तरी पडू नये यासाठी पाया जड हवा, आणि इथे आपल्याकडे उत्तम वस्तू फुकटात पडून असते : शहाबादी फरशी. १० बाय १० सें.मी. आणि अडीच सें.मी. जाडीचा तुकडा साधारण साडेसहाशे ग्रॅम भरतो. तेवढ्याच मापाचं सागवान पावणेदोनशेच्या आत-बाहेर. फरशी बसवणाऱ्या कारागिराकडून तुकडा चौकोनी कापून घ्या. काळ्या-करड्या रंगावर विमान उठून दिसतं आणि लाकडासारखी ही फरशी पावसाळ्यात फुगत नाही.

तिला भोक पाडताना ड्रिलची हातोडी बंद ठेवा. ती चालू राहिली की खालून खपली उडते किंवा तुकडा थरांत फुटतो. दगडाचं ६ मि.मी.चं बिट, कमी वेग, मधूनमधून पाणी, खोली १५ मि.मी. आत पितळी नळी इपॉक्सीने बसवा म्हणजे दांडी काढता-घालता येईल. तळाला फेल्टचा तुकडा चिकटवा. सायकलच्या ट्यूबचं रबर लावू नका, पॉलिश केलेल्या फर्निचरवर त्याचे काळे डाग पडतात.

प्रश्न : पारदर्शक दांडी हवी होती म्हणून ॲक्रिलिक घेतलं. चिकटवल्यावर टोकाला पांढरी धुरकट छटा आली आणि वाकवलेल्या जागी बारीक तडे गेले.
*– एक वाचक, जालना*

पांढरी छटा फेविक्विकची. त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढरी होते. कॉकपिटच्या काचेचंही असंच नुकसान होतं. पारदर्शक भागांजवळ ते वापरूच नका, पारदर्शक इपॉक्सी घ्या. वरवरची छटा ८००, १२००, २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासली आणि शेवटी मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन चोळली की बरीचशी जाते.

तडे दोन कारणांनी जातात. एक, पुरेसं तापण्याआधी वाकवणं. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, पण नीट वाकायला १५० ते १६० अंश लागतात. गॅसच्या ज्योतीवर वरचा थर जळून फुगे येतात आणि गाभा कडकच राहतो. हॉट एअर गन घ्या, दांडी बोटांत सतत फिरवत चार-पाच सें.मी.चा भाग तापवा आणि ती स्वतःच्या वजनाने लवायला लागली की वाकवून हवेतच थंड होऊ द्या. पाण्यात बुडवू नका. दुसरं कारण स्पिरिट किंवा थिनरने पुसणं. वाकवलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण अडकलेला असतो. त्यावर असं द्रव लागलं की जाळीसारखे तडे उमटतात. साबणाचं पाणी पुरतं.

आमचं मत विचाराल तर पारदर्शक दांडी फोटोत जितकी नाहीशी होते तितकी खोलीत होत नाही. तिच्यावर प्रकाश चमकतो, धूळ बसते. मॅट काळा रंग दिलेला बारीक स्पोक डोळ्याला कमी खुपतो.

प्रश्न : हैदराबाद स्क्वॉड्रनचं स्पिटफायर उडताना दाखवायचं आहे. पंखा फिरतोय असं कसं दाखवावं? आणि चाकं पूर्ण झाकायची का?
*– एक वाचक, नांदेड*

विषय आपल्या भागाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश वायुदलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला हैदराबादचं नाव मिळालं आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत तिची स्पिटफायर मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती) होती, अंगावर ‘यूएम’ ही अक्षरं. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मार्क ८ आली. कोणतं करायचं ते आधी ठरवा, कारण उड्डाणात दोन्हींची पोटं वेगळी दिसतात.

मार्क १ चं शेपटीचं चाक आत जात नाही, ते लावायचंच. मार्क ८ चं मिटतं आणि झाकलं जातं. मुख्य चाकं दोन्हींत पंखात मिटतात, पण झाकण पायाला जोडलेलं असल्याने चाकाचा काही भाग खालून उघडा दिसतो. खळगा सपाट बुजवला तर चूक ठरेल. चाकाची जाडी निम्मी घासून ते खळग्यात आडवं चिकटवा आणि मग पायाचं झाकण बसवा.

पंख्यासाठी सोपा उपाय म्हणजे पाती कापून फक्त पुढचा टोकदार शंकू ठेवणं. काही हात लांबून पाहणाऱ्याला पाती नसणं खटकत नाही, कारण खऱ्या फिरत्या पंख्याचीही पाती दिसत नाहीत. चकती हवीच असेल तर ओएचपीची पारदर्शक शीट घ्या. मार्क १ ला १/७२ मापात सुमारे ४५ मि.मी. व्यासाची चकती लागते. कंपासला पेन्सिलीऐवजी सुई लावून दोन-तीनदा फिरवा आणि मग मोडून काढा. कात्रीने कापलेली कड पांढरी होऊन लगेच दिसते. पात्यांची टोकं पिवळी होती म्हणून कडेला दीड मि.मी.चं अगदी पुसट पिवळं वलय. मध्ये राखाडी खडूची पूड बोटाने हलकी फिरवा, इतकी हलकी की तिरक्या प्रकाशातच दिसावी. बाजारातल्या छापील चकत्यांवर ठळक पट्टे असतात आणि त्या विमानासमोर धरलेल्या ताटलीसारख्या दिसतात.

मार्क १ ला पाती तीन, मार्क ८ ला चार. चकती लावली तरी शंकूवरच्या खाचा तेवढ्याच ठेवा. आत मोटर बसवायचा विचार पुष्कळांना सुचतो. ती बसते, तारा दांडीच्या नळीतून खाली नेता येतात, पण कंपनाने खोबण सैल होते. कपाटातल्या मॉडेलसाठी आम्ही ते सुचवणार नाही.

आणि वैमानिक विसरू नका. रिकामं कॉकपिट घेऊन उडणारं विमान बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं.

प्रश्न : विमान एका पंखावर किती कललेलं दाखवावं? कितीही केलं तरी खोटं वाटतं.
*– एक वाचक, परभणी*

खोटं वाटण्याचं कारण बहुधा कोन नसतो, कोनाशी न जुळणाऱ्या बाकीच्या गोष्टी असतात.

उंची न गमावता वळणाऱ्या विमानावर कलाप्रमाणे भार येतो : ३० अंशांना वजनाच्या १.१५ पट, ४५ ला १.४१, ६० ला दुप्पट, ७५ ला जवळजवळ चौपट. म्हणजे ३० अंश हे शांत वळण, ६० ही जोरकस लढाऊ हालचाल. प्रवासी किंवा मालवाहू विमान ६० अंशांवर दाखवलं की जाणकाराला ते अपघाताच्या वाटेवर दिसतं. त्यांना २० ते २५ पुरे. लढाऊ विमानाला फळीवर ३० ते ४५ शोभतो.

पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, पुष्कळ जण एक वर एक खाली अशा जोरात वळवून चिकटवतात. विमान कलत असतानाच त्या तशा असतात. वळण स्थिर झालं की त्या जवळजवळ सरळ होतात आणि शेपटीचे एलेव्हेटर किंचित वर राहतात. नाकही क्षितिजाच्या जरा वर हवं, तीन ते पाच अंश. नाक खाली आणि पंख तिरका असेल तर ते वळण न वाटता घसरणं वाटतं. वैमानिकाचं डोकं वळणाच्या बाजूला फिरवून चिकटवा. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल जिवंत होतं.

दांडी वाकवण्यापेक्षा ती सरळ ठेवून पायातच तिरकी रोवा आणि खोबण पोटाला काटकोनात असू द्या. कंपासपेटीतला कोनमापक पुठ्ठ्यावर लावून कोनाची पट्टी कापा आणि भोक पाडताना ड्रिलशेजारी उभी धरा. हिशोब असा : १५ सें.मी.ची दांडी ३० अंश कलली की वरचं टोक साडेसात सें.मी. बाजूला जातं. पाया १२ सें.मी.चा असेल तर भोक उलट्या कडेपासून दोन सें.मी.वर घ्या. ओळंबा साडेनऊ सें.मी.वर, म्हणजे पायाच्या आतच पडतो.

पाया लाकडी असेल तर स्पोकचे आटे वापरा. लाकडात निपल इपॉक्सीने पुरायचं, स्पोक वरून फिरवला की बसतो. इपॉक्सी ओलं असताना आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळून स्पोक निपलमध्ये लावूनच ठेवा, म्हणजे कोनही पक्का होतो आणि आट्यांत इपॉक्सी शिरत नाही. दुसऱ्या दिवशी उलटा फिरवून काढा.

विमान दांडीवर आपोआप फिरून जड बाजू खाली करत असेल, तर खोबण गुरुत्वमध्यावर नाही असं समजा. थोडाच फरक असेल तर दांडीच्या टोकाला सेलोटेपचा एक वेढा पुरतो.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनात सूर्यकिरणच्या नऊ विमानांची रचना मांडायची आहे. अंबाजोगाईहून बीडला एसटीने न्यायची आहे. कशी नेऊ?
*– इयत्ता नववीतला एक विद्यार्थी, अंबाजोगाई*

सूर्यकिरणचं घर बीदर, उदगीरच्या पलीकडेच, तेव्हा विषय जवळचाच निवडलास. वायुदलाचं हे हवाई कसरतींचं पथक १९९६ मध्ये तिथे किरण विमानांवर सुरू झालं, आता हॉक उडवतं. पण आधी माप बघ. हॉकच्या पंखांचा पसारा ९.९४ मीटर, १/७२ मध्ये जवळजवळ १४ सें.मी. अशी नऊ विमानं मांडायला पाऊण-एक मीटरचा पाया लागेल आणि तो एसटीत मांडीवर मावणार नाही. तीन विमानांचा बाण कर : एक पुढे, दोन मागे, ३० बाय ३० सें.मी.चा पाया, १८ मि.मी.चं एमडीएफ, खाली शहाबादीचा तुकडा.

रचना खरी दिसते ती कोन एकसारखे असल्यावर. तिन्ही खोबणी एकाच पुठ्ठ्याच्या साच्याने पाड. मागच्या दोन विमानांची नाकं पुढच्याच्या शेपटीजवळ येऊ देत आणि त्यांच्या दांड्या पुढच्यापेक्षा दीड सें.मी. आखूड ठेव. डावी-उजवी उंची मात्र एक मिलिमीटरही वेगळी नको. चूक पहिल्यांदा तिथेच दिसते.

नेताना विमानं, दांड्या, पाया सगळं सुटं ने. प्रत्येक दांडीवर आणि तिच्या भोकाशेजारी एकच आकडा लिही. विमान बुटांच्या खोक्यात ठेव, आईच्या जुन्या सुती साडीचे किंवा ओढणीचे तुकडे पंखांखाली आणि नाकाभोवती लाव. वरून काहीही दाबू नकोस. बबल रॅप रंगाला थेट लावू नकोस, उन्हात त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. खोकं सामानाच्या फळीवर न ठेवता मांडीवर ठेव. सोबत इपॉक्सी, दोन जास्तीचे स्पोक आणि मास्किंग टेप घे.

काही दुकानदार दांडीऐवजी निओडिमियम चुंबक सुचवतात. ते सरळ खेचायला घट्ट असतात, पण आडवा धक्का बसला की सहज सरकतात, म्हणून कललेल्या विमानाला नकोत. शिवाय प्रदर्शनात लहान मुलं येतात. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतडी चिमटीत धरतात आणि शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात विमान पायावरून निखळतं. ग्लू गनने चिकटवलं होतं.
*– एक वाचक, बीड*

ग्लू गनचा गोंद उष्णतेनेच मऊ होतो, तेच त्याचं काम. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखालच्या फळीवर त्याहून जास्त होतं. गोंद वितळत नाही, पण हळूहळू लवतो आणि सुटतो. दुहेरी टेपचंही तेच. इपॉक्सी वापरा आणि भार गोंदावर न ठेवता खोबणीवर ठेवा. मॉडेलची फळी पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. तिथे पारदर्शक भाग आणि चिकटचित्रांची पांढरी जागा पिवळी पडते. बंद कारमध्ये दुपारी मॉडेल ठेवायचंच नाही.

प्रश्न : स्टँडपेक्षा छताला तंगूसने टांगणं सोपं नाही का?
*– एक वाचक, हिंगोली*

सोपं आहे, पण आपल्या घरांत छताला पंखा असतो आणि टांगलेलं विमान वर्षातले आठ महिने गोल फिरत राहतं. टांगायचंच तर तीन ठिकाणी दोरे घ्या : दोन पंखांच्या मुळाशी, एक शेपटीजवळ, आणि तिन्ही छताला वेगवेगळ्या खिळ्यांना. एकाच खिळ्याला नेले तर फिरणं थांबत नाही. लहान मॉडेलला ०.२५ मि.मी.चा तंगूस पुरतो.

प्रश्न : माझं विमान चाकांसकट जोडून, रंगवून झालं आहे. आता हवेत दाखवता येईल का? भोक पाडायची हिंमत होत नाही.
*– एक वाचक, धाराशिव*

भोक पाडू नका. पट्ट्या आत नसताना नुसत्या पोटाला पाडलेलं भोक भार घेत नाही आणि आत पडलेला भुगा कॉकपिटच्या काचेत येऊन बसतो. दोन मार्ग आहेत.

जेट असेल तर मागचं नळकांडं उघडंच असतं. त्याच्या आतल्या मापाची प्लास्टिक नळी गुंडाळलेल्या मास्किंग टेपने घट्ट बसवा आणि तिच्यात चौकोनी दांडी. गोंद लावायचा नाही. आत चार सें.मी. तरी जागा सरळ मिळाली पाहिजे. काही किटांत इंजिनाची चकती तोंडाजवळच असते, तिथे हा मार्ग बंद.

दुसरा मार्ग पाळण्याचा. दीड मि.मी.च्या पितळी तारेचे तीन हात, दोन पंखांच्या मुळाखाली पुढे आणि एक मागे धडाखाली, टोकं किंचित वर वळवलेली. टोकांवर वायरच्या सांध्याला घालतात ती आकसणारी काळी नळी चढवा, म्हणजे रंग खरवडत नाही. तिन्ही हात ३ मि.मी.च्या पितळी नळीत घालून सोल्डर करा. गुरुत्वमध्य तीन टोकांच्या त्रिकोणात पडला की विमान नुसतं ठेवलं तरी बसतं. मात्र १५ अंशांपेक्षा जास्त कल देऊ नका.

चाकं बाहेर असल्याने प्रसंग उतरण्याचा निवडा : नाक ५ ते ८ अंश वर, पंख सपाट, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली वळणाऱ्या पट्ट्या) वेगळे असतील तर खाली. जमिनीवर वजनाने दबलेले चाकांचे पाय हवेत पूर्ण लांब होतात. किटमधले पाय बहुधा दबलेल्या स्थितीत असतात, तेव्हा चमकणारा आतला दांडा दीड-दोन मि.मी. वाढवता आला तर वाढवा. टायर खालून सपाट घासलेले असतील तर ती बाजू वर, खळग्याकडे फिरवून घ्या.